फ्रीजर गार, खालचा कप्पा गरम: डिफ्रॉस्ट दुरुस्तीचा माझा अनुभव

वर बर्फ होतोय आणि खाली दूध नासतंय, असं सांगितलं की कोल्हापुरात दोनच निदानं ऐकू येतात: ‘गॅस गेलाय’ नाहीतर ‘बोर्ड गेलाय’. दोन्हीचं बिल दणकेबाज. म्हणून मी आधी प्लग काढून फ्रीजरचं मागचं पॅनल उघडलं.

थंडावा देणारी नळ्यांची कॉइल पूर्ण बर्फात बुडाली होती. गॅस कमी असता तर सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवरच बर्फ धरला असता. सगळीकडे सारखा थर म्हणजे गॅस ठीक, डिफ्रॉस्ट (हीटरनं अधूनमधून बर्फ वितळवणं) बंद. पंख्याची हवा त्या ढेपेतून खाली जाणार कशी? त्यात जुलै-ऑगस्टची आपली दमट हवा. दार उघडलं की बर्फात भरच.

बर्फ सुरीनं खरवडू नका. ॲल्युमिनियमची नळी फुटली की मग खरंच गॅस भरावा लागतो. रात्रभर दार उघडं ठेवलं, खाली जुने टॉवेल. निचऱ्याच्या भोकात कोमट पाणी ओतून तेही मोकळं केलं.

मग मल्टिमीटर. 200 वॉटचा हीटर साधारण 265 ओहम दाखवतो; तो ठीक होता. कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर खोलीत 10 किलोओहम, बर्फाच्या पाण्यात तिपटीच्या आसपास, म्हणजे तोही चांगला. (टायमरवाल्या जुन्या फ्रिजमध्ये सेन्सरऐवजी बायमेटल, म्हणजे तापमानावर चालणारा स्विच, असतो. तो खोलीच्या तापमानाला ओपनच, म्हणजे सर्किट तुटलेलं, दिसतो, आणि बिघडले समजून चांगले बायमेटल उगाच कचऱ्यात जातात.) ओपन निघाला तो हीटरच्या सिरीजमधला थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की सर्किट तोडणारा फ्यूज.

फ्यूज सहसा आपोआप जात नाही. हीटर चालू-बंद करणारा बोर्डावरचा रिले चिकटला तर हीटर तापतच राहतो, म्हणून नवा घालण्याआधी रिलेचे कॉन्टॅक्ट ओपन आहेत ना, ते तपासलं. प्लग काढल्यावरही बोर्डाच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्टपर्यंत डीसी उरतो. मोजल्याशिवाय हात लावू नये.

फ्यूजला सोल्डर करायचं नाही. तो सत्तरीच्या घरातल्या तापमानाला उडतो, सोल्डरिंगच्या उष्णतेनं तिथंच जाईल. शिवाय फ्रिजमधला आर-600ए गॅस पेट घेणारा. वायरी क्रिंप करून (धातूच्या जोडणीत दाबून) वर हीट-श्रिंक नळी चढवली आणि फ्यूज कॉइलवर जुन्याच जागी बसवला.

डिफ्रॉस्टच्या वेळी कंप्रेसर बंद असतो. तेव्हा एकाच वायरीवर लावलेल्या क्लॅम्पमीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) 0.9 ॲम्पिअरच्या आसपास आकडा आला, तर हीटर चालू. कंप्रेसर पुन्हा सुरू झाल्यावरही कॉइल तापलेलीच राहत असेल, तर मात्र रिले बदला.