निळा द्या

पतसंस्थेचं काम दुकानात आलं की रंगाची चर्चा चहा येण्याआधीच संपते. "निळा द्या," चेअरमन म्हणतात. का म्हणून विचारलं तर खुर्चीत जरा मागे रेलतात. "ठेवीदाराला भरवसा वाटला पाहिजे ना!" अहवाल निळा, पासबुक निळं, वर पाटीही निळीच. तालुक्याच्या गावात वीस वर्षं डिझाइनचं दुकान चालवतोय. एवढ्या काळात लाल पासबुक मागणारा चेअरमन मला भेटलेला नाही.

याचं मूळ बहुधा स्टेट बँकेत असावं. एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेच्या शेखर कामत यांनी केलेलं ते निळं वर्तुळ १९७१ साली आलं. मध्ये बारीकसं भोक आणि तिथून खाली उतरणारी चीर, कुलपात किल्ली घालायची जागा असते तशी. पन्नास वर्षं पेन्शनच्या रांगेत उभं राहून लोकांनी ते इतकं पाहिलंय, की 'पैसे सुरक्षित आहेत' याचा रंगच तो झाला. निळा म्हणजे विश्वास, शांतता, स्थैर्य, असं आमच्या धंद्याची पुस्तकं सांगतात. मीही ते गिऱ्हाइकाला ऐकवतो. ऐकवताना स्वतःला मात्र थोडं हसू येतं, कारण माझी निळ्याशी ओळख पुस्तकातून झालेली नाही, बादलीतून झाली.

रविवारी आई वडिलांच्या सदऱ्यांना नीळ द्यायची. पूड थेट पाण्यात टाकायची नाही, चिंधीत पुरचुंडी बांधायची आणि ती पाण्यात फिरवायची. नाहीतर सदऱ्यावर शाई सांडल्यासारखे डाग पडतात आणि मग सोमवारी वडील तोच सदरा घालून ऑफिसात जातात, मुद्दाम. पांढरं सुती कापड जुनं झालं की पिवळट पडतं. त्याला निळ्याची नुसती छटा दिली की पिवळेपणा मारला जातो आणि डोळ्यांना पांढरं दिसतं. आई एवढंच म्हणायची, "नीळ दिसायला लागली म्हणजे जास्त झाली." रंगाबद्दल याहून कामाचं वाक्य मला पुढे कुठल्याच वर्गात मिळालं नाही.

त्या पुरचुंडीतली पूड ही मोठ्या घरची लेक. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून लाजवर्द नावाचा निळा दगड निघायचा. तो कुटून केलेला निळा युरोपात इतका महाग पडे, की चित्रकार तो मेरीच्या झग्यासाठी राखून ठेवत. १८२४ साली फ्रान्समध्ये स्वस्त पर्याय शोधणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस लावलं गेलं. चार वर्षांनी गिमे नावाच्या माणसानं ते मिळवलं. रंग कारखान्यात व्हायला लागला, आणि देवाच्या आईचा झगा शेवटी आमच्या मोरीत आला.

गिऱ्हाईक काही रंगाचे नंबर घेऊन येत नाही. "इनलँडचा निळा द्या," असं एक निवृत्त गुरुजी म्हणाले होते. त्यांना ग्रंथालयाचं पत्रक हवं होतं. मला तो रंग लगेच कळला. आमच्याकडे कामाला असलेल्या पोराला कळला नाही, कारण त्यानं इनलँड लेटर उघडलेलंच नाही. साडीच्या दुकानाच्या मालकीणबाई मोरपंखी आणि चिंतामणी यांत एवढा फरक करतात की मी निमूट त्यांच्यासमोर स्क्रीन फिरवतो. कुणाला बॉलपेनचा हवा असतो, कुणाला शाळेच्या पँटचा. आणि नवरात्रातल्या नऊ रंगांच्या यादीत 'रॉयल ब्लू' आला की त्या एका दिवशी सगळ्या बायका एकाच निळ्यावर कशा येतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

या निळ्यानं मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. धंद्यातलं पहिलं मोठं काम होतं, एका पतसंस्थेची डायरी. स्क्रीनवर काय सुंदर निळा होता! छापून आली तर वांग्यासारखी. स्क्रीनला निळा प्रकाश आयता असतो. छापखान्यात निळी शाई अशी नसतेच; सायन म्हणजे आकाशी आणि मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, या दोन शाया एकमेकांवर चढवून तो रंग करावा लागतो. मॅजेंटा जवळजवळ सायनच्या बरोबरीला आला की निळ्याचा जांभळा होतो. दोघांत निदान तीस टक्क्यांचं अंतर ठेव, हे छापखान्यातल्या काकांनी मला सांगितलं. हजार डायऱ्या छापून झाल्यावर सांगितलं. चेअरमननी डायरी उलटसुलट करून पाहिली आणि "बायकांना आवडेल" एवढंच बोलले. बिलातून मात्र चांगलीच रक्कम कापली.

पुढे वाचनात आलं की अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी लाल रंग करायला बसला होता. त्याच्या हातचा पोटॅश भेसळीचा निघाला आणि भांड्यात लालऐवजी गडद निळा तयार झाला. तोच प्रशियन ब्लू. १८४२ साली हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं कागदावर उन्हाच्या मदतीनं हाच निळा उमटवला आणि त्यातून इमारतींच्या नकाशांची ब्लूप्रिंट आली. लाल करायला गेलेल्याचा निळा झाला तर जगभरच्या इमारती उभ्या राहतात. माझा निळ्याचा जांभळा झाला तर डायऱ्या रद्दीत जातात. असो.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. एका मंगल कार्यालयाच्या मालकांना पाटी हवी होती. आधीच्या वर्षी मी त्यांच्याच पतसंस्थेची पाटी केली होती, म्हणून तोच निळा लावून दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हा निळा नको. लोक वेगळं समजतील."

वेगळं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. बाबासाहेबांनी १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढली तेव्हापासून महाराष्ट्रात निळ्या झेंड्याला अर्थ आहे. चौकाचौकातल्या पुतळ्याचा कोट निळा आहे, सहा डिसेंबरला दादरला उतरणाऱ्या गर्दीच्या हातांतले झेंडे निळे आहेत. पतसंस्थेवर जो रंग भरवसा देतो, तोच मंगल कार्यालयावर गेला की मालकांना घाम फुटतो. सायन तेवढाच, मॅजेंटाही तेवढाच. कुठल्याही पुस्तकातल्या तक्त्यात 'निळा : शेजारच्याची जात दाखवतो म्हणून नको' अशी ओळ नसते. मी त्यांना मरून करून दिला, पैसे घेतले. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं, हे दुकान बंद करून घरी जाताना सुचलं. असं नेहमी घरी जातानाच सुचतं.

एप्रिल उजाडला की दुकानात जयंतीच्या फ्लेक्सची गर्दी असते. गेल्या वर्षी चार पोरं रात्री दहाला आली. मजकूर तयार होता, फोटो तयार होता, अडलं होतं ते रंगावर. मी स्क्रीनवर दाखवलेला निळा त्यांतल्या एकानं एका नजरेत उडवला. "दादा, हा बँकेचा आहे." त्यानं गळ्यातला रुमाल काढून टेबलावर ठेवला. "हा पाहिजे."

पहिला तुकडा छापला, तो फिका आला. मॅजेंटा वाढवला, तर डायरीतलं वांगं परत डोकावलं. पोरं हलेनात. एकजण खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. काळ्याचा थेंब घातला, मॅजेंटा दोन टक्के उतरवला, तिसरा तुकडा काढला आणि टेबलावर पसरला. त्यानं काही न बोलता रुमाल त्यावर टाकला. मी चष्मा लावला, वाकून पाहिलं, तरी रुमाल कुठे संपतो ते दिसेना.