दार मोठं केल्याबद्दल आभार

तक्रारीचं ते तिकीट मीच बंद केलं होतं. सिस्टीममध्ये माझं नाव आहे, वेळ आहे आणि शेरा आहे: डुप्लिकेट, म्हणजे हीच तक्रार आधी आलेली आहे. उघडल्यापासून बंद करेपर्यंत एक मिनिटही गेलं नव्हतं.

मी संभाजीनगरला घरून काम करते, एका परदेशी गेम कंपनीसाठी. अंतराळातल्या व्यापाराचा आणि लढाईचा एक जुना खेळ आम्ही नव्यानं बांधतोय. करारामुळे त्याचं नाव लिहिता येत नाही, पण त्याचं घराणं सांगता येईल. केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी 1984 साली 'एलीट' आणला. 8 आकाशगंगा, प्रत्येकीत 256 ग्रहमाला, आणि हे सगळं 32 केबी मेमरीच्या बीबीसी मायक्रो या संगणकावर. त्याच्या मागोमाग त्याच वळणाचे जे खेळ आले, त्यांतला आमचा एक.

पैसा लोकवर्गणीचा. तीही वाट एलीटच्याच माणसांनी चालून दाखवलेली. 2012 च्या नोव्हेंबरात ब्रेबेननं 'एलीट: डेंजरस'साठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर साडेबारा लाख पौंड मागितले, दोन महिन्यांत पावणेसोळा लाखांहून थोडे जास्तच जमले, आणि 2014 च्या डिसेंबरात खेळ लोकांच्या हातात पडला. जास्त रक्कम भरणाऱ्यांना खेळाच्या रचनेवर मत मांडायचा हक्क होता. आमच्याकडेही तसंच आहे. या लोकांना ऑफिसात बॅकर म्हणतात, मी मनात वर्गणीदार म्हणते. त्यांच्याकडून येणारं प्रत्येक पत्र वाचायचं, त्यातली अडचण स्वतः खेळून पुन्हा घडते का ते बघायचं, आणि मग ती प्रोग्रामरपुढे ठेवायची, हे माझं काम. बाहेरच्यांना वाटतं मी दिवसभर खेळते. मी दिवसभर वाचते. आणि लोक दुखतंय कुठे ते लिहीत नाहीत, थेट औषध लिहून पाठवतात. त्यावरून दुखणं आपण ओळखायचं.

गेल्या उन्हाळ्यात सगळीकडून एकच औषध येत होतं: स्टेशनचं दार मोठं करा.

आमच्या खेळात अवकाश-स्टेशन स्वतःभोवती फिरत असतं. त्याच्या एका तोंडाला आडवी फट असते. आपलं यान त्याच गतीनं गोल फिरवत, फटीशी समांतर ठेवून आत घालायचं. चुकलं की चुराडा, आणि लादलेला माल गेला. जुन्या खेळाची ओळखच ही. लोक लिहीत होते की शाळेत असताना आम्हाला हे जमायचं, तुमच्यात जमत नाही. काहींनी तर स्वतःलाच दोष दिला, आता वय झालं म्हणून.

आमच्या लीडला, म्हणजे मुख्य प्रोग्रामरला, पहिला संशय थरथरीचा आला. हे जरा सविस्तर सांगते, कारण तो शोध मी लावला होता. संगणकात साधारणपणे जागेचा आकडा 32 बिटांत ठेवतात, आणि त्यात जेमतेम 7 अंक नीट बसतात. पृथ्वी-सूर्य अंतर 15 कोटी किलोमीटर. सूर्याला शून्य धरून तेवढ्या लांबची जागा मीटरमध्ये लिहायला गेलं, तर दोन लगतच्या आकड्यांमध्ये 16 किलोमीटरची फट पडते. तुमचं यान त्या दोन्हींच्या मध्ये कुठेच असू शकत नाही. त्यामुळे मूळबिंदूपासून लांब गेलात की सगळं थरथरायला लागतं, लांब जाल तसं जास्त. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या अंतराळयानांच्या खेळवाल्यांनी याच रोगाला क्रॅकन असं राक्षसाचं नाव दिलं होतं. उपाय असा की खेळाडूला कायम शून्यावर ठेवायचं आणि विश्व त्याच्याभोवती सरकवायचं. आम्ही तेच केलं. दारातली थरथर गेली. मी तीन रात्री नुसतं स्टेशनात जाऊन-येऊन तपासलं. काचेवरून पाणी वाहावं तसं यान आत जात होतं.

तरी पत्रं थांबली नाहीत. मग मतदान ठेवलं. दार मोठं करू, की स्टेशन हळू फिरवू, की सुरुवातीपासूनच आपोआप आत नेणारं यंत्र देऊ? निम्म्याहून जास्त मतं मोठ्या दाराला पडली. माझं मत विचाराल तर मतदानाला माझा विरोध नाही, पण सगळ्यात जास्त पैसे भरलेली पंधरा-वीस माणसं आधी गलका करतात आणि बाकीचे त्यांच्या मागे जातात, हे मी दर वेळी पाहिलंय.

मतदानाचा अहवाल लिहायचा म्हणून दारासंबंधीची सगळी बंद तिकिटं मी पुन्हा उघडत होते. रात्रीचा एक वाजला असेल. आमच्या सिस्टीममध्ये कुठल्याही भाषेतलं पत्र यंत्र आधी इंग्रजीत करतं आणि तेवढंच समोर येतं. मूळ पत्र बघायला खाली वेगळं बटण दाबावं लागतं. कोणी दाबत नाही, मीही दाबत नव्हते. एका तिकिटाचं भाषांतर साधारण असं होतं की स्थानकावर वेळ आळशी आहे, घड्याळाकडे लक्ष द्यावे. खेळातल्या घड्याळाची तक्रार आमच्याकडे आधीच होती, म्हणून मी ते तिच्यात ढकललं होतं. या वेळी कशी कोण जाणे, बटणावर बोट गेलं.

पत्र मराठीत होतं.

'महोदय, स्टेशन लांब असता त्याचा एक फेरा 20 सेकंदांत होतो. दार पडदाभर दिसू लागल्यावर तोच फेरा 31 सेकंदांत होतो. अर्थात स्टेशनजवळ वेळ मंदावते. नव्या खेळात असे होत नाही. आपल्याकडून नजरचुकीने राहिले असावे. सोबत वहीची तीन पाने जोडली आहेत.' खाली सेलूचा पत्ता आणि फोन नंबर.

एकोणीस दिवस झाले होते. आमच्या अख्ख्या टीममध्ये हे पत्र जसंच्या तसं वाचू शकणारी मी एकटी होते, आणि मीच ते इंग्रजीत वाचून बंद केलं होतं.

वहीच्या पानांचे फोटो उघडले. निळ्या शाईचे रकाने. तारीख, अंतर, पडद्यावर किती यानं, फेऱ्याचे सेकंद. प्रत्येक मोजणी तीनदा घेतलेली आणि सरासरी काढलेली.

सकाळी त्या नंबरवर फोन केला. पत्र लिहिणारे सर म्हणाले, "फोटोत काय दिसतंय, वही इथं हाय. येऊन बघा." शनिवारी गाडीत बसले. जालना, परतूर, सेलू.

सर विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत. घरात शिरल्या शिरल्या काकूंनी मुरमुऱ्यांचा सुशीला पुढं ठेवला आणि "आधी खा, मग ते यान-बिन" असं बजावून आत गेल्या. भिंतीवर औंढा नागनाथजवळच्या लायगो वेधशाळेचं, वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवलेलं होतं. 2023 च्या एप्रिलात केंद्रानं त्या प्रकल्पाला 2,600 कोटी मंजूर केले तेव्हाचं. माझी नजर गेलेली पाहून सर म्हणाले, "चार-चार किलोमीटरचे दोन हात. गुरुत्वलहरी मोजणार, आपल्या औंढ्यात. नातीला म्हणलं, तिथं नोकरी कर."

संगणक त्यांच्या आयुष्यात आला तो 'क्लास' प्रकल्पातून. 1984 साली केंद्र सरकारनं शाळांत संगणक नेण्यासाठी तो सुरू केला आणि पहिल्या फेरीत अडीचशेच्या आसपास शाळांना बीबीसी मायक्रो दिले. सर तेव्हा ज्या शाळेत होते तिथे ते आले. प्रशिक्षणाहून येताना कोणीतरी एक फ्लॉपी दिली, तिच्यात हा खेळ होता. शाळा सुटल्यावर पोरं आळीपाळीनं बसायची, लाइट असेल तोवर. सर स्वतः खेळत नसत. ते प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच घेऊन मागे उभे राहायचे.

"पोरांना म्हणायचो, दाराजवळ गेलास की घाई करू नको, तिथं वेळ मंदावती. मला वाटायचं, बनवणाऱ्यानं आइनस्टाइन घातलाय त्यात. जड वस्तूजवळ घड्याळ हळू चालतं, ते. स्टेशन काही तेवढं जड नसतं, ते कळत होतं मला. पण खेळ हाय म्हणलं."

वही हातात घेतली आणि दुसऱ्याच पानावर मला उत्तर दिसलं. 'पडद्यावर यानं 3, स्टेशन लांब: 26 सेकंद.' म्हणजे मंदावणं जवळ असण्याशी बांधलेलं नव्हतंच. पडद्यावर काढायच्या रेषांशी बांधलेलं होतं.

त्या काळच्या यंत्रावर खेळ म्हणजे एकच फेरी, पुन्हा पुन्हा. एका फेरीत सगळ्या वस्तू ठरावीक पाऊल पुढे सरकवायच्या, जुन्या रेषा पुसायच्या, नव्या काढायच्या. स्टेशन दर फेरीला ठरलेल्या अंशानं वळणार. सेकंदाचा हिशोबच नाही. 2 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला लांबच्या स्टेशनच्या बारक्या रेषा चटकन जमायच्या, पण दार पडदाभर झालं की रेषा लांबलचक, पुसायला वेळ, काढायला वेळ, फेरी लांबली, आणि अख्खं जग सावकाश झालं. नेमकं तेव्हाच, जेव्हा खेळाडूला उसंत हवी. 1978 च्या 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये याच्या उलट झालं होतं. शत्रू मरत जातील तसं काढायचं काम कमी, म्हणून उरलेले भराभर धावायचे, आणि तोमोहिरो निशिकादोनं ते तसंच ठेवलं होतं.

आमच्या लीडनं जुन्या खेळातला 'दर फेरीचा अंश' नव्या खेळासाठी 'दर सेकंदाचा अंश' केला होता. त्यासाठी गती मोजली कुठे, तर मोकळ्या अवकाशात, जिथे फेरी सगळ्यात जलद होते. म्हणजे आमचं स्टेशन कायम आपल्या कमाल वेगानं फिरत होतं. दार लहान नव्हतंच. लीड हुशार आहे, पण ते यंत्र त्यानं कधी हाताळलेलं नाही, इम्युलेटरमध्येच, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, पाहिलंय. मोजणी दारात जाऊन करावी असं त्याला सुचलं नाही. मलाही नाही.

सरांना हे सांगणं जड गेलं. इतकी वर्षं एका माणसानं जे आइनस्टाइनचं समजून जपलं, ते प्रोसेसरचं निघालं. मी कागदावर रेषा काढून समजावलं. ते बराच वेळ त्या रेषांकडे पाहत राहिले.

"म्हणजे मशीन दमायची," ते म्हणाले.

"हो सर."

"हौ, पण पोरांना जमायचं ते त्यामुळंच."

मग स्टॉपवॉच काढलं. सुटीला आलेल्या नातीच्या लॅपटॉपवर आमचा नवा खेळ होता. वर्गणी तिनंच भरली होती, सगळ्यात खालच्या टप्प्याची. ती यान चालवत होती आणि सर मोजत होते. लांबून 20. दारात 20. त्यांनी तोही आकडा वहीत लिहिला.

सोमवारी तिकीट पुन्हा उघडलं, पत्राचं भाषांतर या वेळी मी स्वतः केलं, वहीची पानं जोडली. इम्युलेटरवर जुना खेळ चालवून, सेकंदाला 50 चौकटींच्या (पडद्यावरच्या चित्रांच्या) हिशोबानं चौकटी मोजल्या. सरांचे आकडे अर्ध्या सेकंदाच्या आत बरोबर होते. लीडनं दोन दिवसांत मंदावणं घातलं, पडद्यावर किती काय आहे त्यावरून. पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे खेळाच्या नव्या आवृत्तीत, बदल तेवढा एकच होता. मतदानानं मंजूर झालेलं मोठं दार नंतर बघू म्हणून बाजूला राहिलं.

मग पत्रं आली. दार मोठं केल्याबद्दल आभार. आता कसं मूळ मापाचं वाटतं. आमचं ऐकलंत म्हणून आभार. एकानं तर जुन्या-नव्या दाराचे फोटो शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवला होता. फरक नव्हता. मी मापून पाहिलं.

तेव्हापासून मी यात अडकलेय. लोकांनी पैसे दिले, मत दिलं, आणि मतात मागितलेली गोष्ट आम्ही दिली नाही. त्यांना जे हवं होतं ते मात्र मिळालं. लीडचं म्हणणं, मिळालं ना, मग विषय संपला. मला ते पटत नाही. ही माणसं नुसती गिऱ्हाइकं नाहीत. खेळ कसा असावा हे ठरवायला त्यांना बोलावलंय, तर काय ठरलं आणि कुणाच्या वहीमुळे ठरलं, हे त्यांना कळायला हवं. सरांच्या घरून नातीनं भरले ते सगळ्यात कमी पैसे. त्या टप्प्यात रचनेवर बोलायचा हक्कच नाही, आणि मतदानातही सर नव्हते.

परवा त्यांना फोन करून सगळं सांगितलं. नव्या बिल्डमध्ये दारात किती सेकंद भरतात, हे त्यांनी आधी विचारलं. मी 31 म्हटल्यावर थांबून लिहून घेतल्याचं ऐकू आलं.

"अन् दार?"

"तेवढंच आहे, सर."

"मग ते त्यांना सांगितलं का?"

पुढच्या बिल्डसोबत जायच्या टिपणात मी ती ओळ लिहिलीय: दार बदललेलं नाही, वेळ बदलली आहे, आणि ती सेलूच्या एका शिक्षकांनी मोजली होती. लीडनं ती दोनदा काढली. आज दुपारी मी तिसऱ्यांदा घातलीय.