लेबलवाला कॉम्प्युटर

११ एप्रिलला पहाटे पावणेसहाला फोन वाजला. ऐन हंगामात देवगडात अशा वेळी फोन आला की आंब्याची गाडी घाटात बंद पडली असेल, एवढंच मनात येतं. फोनवर काका होते. नात्याने कुणी नाहीत, पण त्यांच्या कलमांखाली खेळून मी मोठी झाले. त्यांचं पॅकिंग हाऊस आहे. सात कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर. पुण्याची नोकरी सोडून गावी आल्यापासून ते सगळं मीच बघते.

"बाय, सगळ्या फायलींची नावां बदललीत. टॅली उघडणा नाय. बंद करून परत चालू करू काय?"

"नको काका, बटनाक हात लावू नकात. राउटर बंद करा आणि सगळ्या मशीनींच्या मागच्या निळ्या वायरी काडा. मी येतंय."

मशीन बंद केलं की मेमरीतलं सगळं जातं, म्हणून बटन नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय, म्हणजे फायली कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागणारं असंच एक सॉफ्टवेअर, पसरलं तेव्हा ज्यांनी मशीन रीस्टार्ट केलं नव्हतं, त्यांच्यातल्या काहींना मेमरीत उरलेल्या आकड्यांवरून किल्ली जुळवून फायली परत मिळाल्या. वायर काढणं अशक्यच असेल तर बंद करावं, पण तो शेवटचा उपाय.

मी पोचले तेव्हा ऑफिसातली दोन मशीनं पूर्ण गेली होती. त्यातल्याच एकावरून सर्व्हरचं सामायिक फोल्डर कुलूपबंद होत चाललं होतं. वायर निघाली तिथे ते थांबलं, निम्म्या फायली शाबूत राहिल्या. पण टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा, डेटा गेला होता आणि सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्कही गेली होती.

आधी मेमरीची प्रत घेतली, मग डिस्कची, मग लॉगची, म्हणजे मशीन स्वतःच ठेवतं त्या नोंदवहीची. सर्व्हरच्या लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती, म्हणजे चुकलेले पासवर्ड, रात्रभर, हजारोंनी. आणि २ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर एक ४६२४, प्रकार १०: रिमोट डेस्कटॉपमधून, म्हणजे दुरून मशीन चालवण्याच्या विंडोजच्या सोयीतून, यशस्वी प्रवेश. लॉगची मर्यादा मी मागेच वाढवून ठेवली होती म्हणून नऊ दिवसांपूर्वीचं दिसलं, नाहीतर त्या हजारो नोंदींनी जुन्या नोंदी कधीच पुसल्या असत्या. दार कुठलं तेही कळलं. अकाउंटंटना घरून टॅली चालवता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं दार, म्हणजे ३३८९ पोर्ट, थेट इंटरनेटला उघडं होतं. ते माझ्या आधीपासूनचं होतं, पण दोन वर्षांत मी तपासलं नव्हतं. हे मला अजून सलतं.

साडेदहाला सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, मेल पाठवला. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं, शिवाय लॉग १८० दिवस जपावे लागतात. आपल्याकडच्या लहान व्यावसायिकांना हे कुणी सांगतच नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

यानंतर माझी चूक झाली.

शेडमध्ये पेट्यांची थप्पी लागली होती. आंबा थांबत नाही, अढीतला तर नाहीच. काका काही बोलत नव्हते, पण दर दहा मिनिटांनी दारात येऊन उभे राहत. मी सर्व्हरवर शोधाशोध केली. 'सपोर्ट' नावाचं नवं खातं सापडलं, दर तासाला आपोआप चालणारं एक काम सापडलं आणि दुरून मशीन चालवण्याचं एक सॉफ्टवेअरही सापडलं. तिन्ही काढून टाकली. राउटर बंदच आहे, मग आतल्या आत जोडायला काय हरकत, असं म्हणून सर्व्हरची आणि शेडमधल्या लेबलवाल्या कॉम्प्युटरची वायर परत लावली. त्या कॉम्प्युटरवरच्या फायली शाबूत होत्या, म्हणून तो मी तपासलाच नव्हता. काकांना सांगितलं, चारपर्यंत काम सुरू होईल.

सव्वातीनला सर्व्हरचा सुरक्षा लॉग उघडला तर तो रिकामा होता. एकच नोंद होती, ११०२: लॉग पुसला गेला. माझे हात गार पडले. तो माणूस अजून आत होता. मी त्याचं सामान हलवलंय हे त्याला कळलं होतं आणि तो आपल्या खुणा पुसत होता.

नेट बंद असताना आत आला कुठून? धावत शेडमध्ये गेले. लेबलवाल्या कॉम्प्युटरशेजारी मोबाइल ठेवलेला होता, हॉटस्पॉट चालू. लेबल काढणारा मुलगा घाबरून म्हणाला, "नेट नाय होता म्हणान माझ्या मोबाइलाचा जोडलंय. पत्ते ऑनलाइन शीटमधे हत. लेबलां अडाकली होती ना."

त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. त्याने त्याचं काम केलं होतं. रिमोट सॉफ्टवेअरची दुसरी प्रत त्याच कॉम्प्युटरवर होती. वायरी काढा असं मी सगळ्यांना सांगितलं, पण वायरीशिवाय काम कसं करायचं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. चाळीस माणसं पेट्या घेऊन उभी असतील तर कुणी ना कुणी वाट काढणारच. पुण्यात पाळीला बसायचे तेव्हा अडवणं म्हणजे स्क्रीनवर एक बटन दाबणं होतं. इथे अडवणं म्हणजे लेबलं कशी लिहायची याची सोय लावणं आहे.

मग ती सोय लावली. काकांच्या सुनेने घरच्या टॅबवर ती शीट उघडली आणि पत्ते वाचायला बसली. वाडीतल्या तीन मुली मार्कर घेऊन लिहायला बसल्या. पावत्यांसाठी कपाटातलं छापील पुस्तक निघालं. सगळ्या वायरी पुन्हा बाहेर. त्यानंतर कुणाला नेटची गरजच लागली नाही, आणि पहिल्यांदाच मला खात्रीने वाटलं की तो आता आत येऊ शकत नाही.

संध्याकाळी काकांना सांगितलं की आता मी थोडं थोडं काढणार नाही, सगळी मशीनं तपासून एकाच रात्रीत काढणार. मी आणखी समजवायला गेले तर तेच म्हणाले, "बांडगूळ नुसता ओरबाडून जाता काय? फांदीच तोडूक व्हयी." ज्याची बाग आहे त्याला हे माहीत असतं. बांडगुळाची मुळं फांदीत शिरलेली असतात. वरचा पाला काढला तर त्याच जागी परत फुटतं.

रात्री दहा ते पहाटे पाच. सर्व्हर आणि सातही मशीनं पुसून नव्याने विंडोज टाकलं, शाबूत दिसणारीसुद्धा. राउटर नव्याने बसवला, ३३८९ बंद केलं, अकाउंटंटना व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायची सुरक्षित वाट, दिलं. बँक, जीएसटी, ईमेल, सगळे पासवर्ड माझ्या लॅपटॉपवरून बदलले. आजारी मशीनवर बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तो चोराच्या हातात देणं.

टॅलीचा डेटा वाचला तो अकाउंटंटमुळे. वर्षअखेर म्हणून ३१ मार्चला ते पेन ड्राइव्हवर प्रत घेऊन गेले होते. प्रवेश २ एप्रिलचा, म्हणजे ती प्रत त्याच्या आधीची. प्रवेशाची तारीख शोधण्यासाठी मी सकाळी इतका वेळ का घालवला ते काकांना तेव्हा पटलं. त्यांना न्हावाशेव्याची गोष्ट सांगितली. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प केली, तेव्हा आपल्या उरणजवळच्या त्या बंदरातलं त्यांचं टर्मिनलही अडकलं होतं. कंपनीच्या सगळ्या नेटवर्कची ओळखयादी जगभरातल्या सर्व्हरवरून नष्ट झाली, फक्त घानातली एक प्रत राहिली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेलेली होती. जोडलेलं नव्हतं ते वाचलं.

एप्रिलचे दहा दिवस पावत्यांवरून पुन्हा भरायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. लेबलवाला मुलगा स्वतःहून येऊन बसला. तो आकडे वाचायचा, मी टाकायचे.

मे संपेपर्यंत मी रोज रात्री राउटरचा लॉग बघत होते. ३३८९ वर कुणी ना कुणी ठोठावतच होतं, कधी तासाला दहा वेळा, कधी शंभर. आतल्या मशीनींच्या लॉगमध्ये मात्र आमच्या माणसांशिवाय कुणाची नोंद नव्हती.