दोन घरं पुढे नको

चल्लस आठला नुसता नशिबाचा खेळ म्हणून हिणवणाऱ्यांनी माझ्या आत्यासमोर एकदा बसून दाखवावं. साताऱ्यात पावसाने वीज गेली की मंगळवार पेठेतल्या तिच्या घरी शहाबादी फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखली जातात. चार बाजूंच्या मधल्या घरांत आणि मधोमध फुल्या, म्हणजे सोंगटी मारता न येणारी घरं. कवड्या नसतील तर चिंचोके, एका अंगाने घासून पांढरे केलेले.

चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या तितकी घरं चालायची. चारही उताण्या म्हणजे चल्लस, चारही पालथ्या म्हणजे आठ, आणि दोन्हींना पुन्हा दान. यात डोकं कुठे लावायचं?

आत्या लावते. शत्रूच्या सोंगटीपुढे बरोबर दोन घरांवर ती होता होईल तो थांबत नाही. तीन घरांवर थांबेल, नाइलाजाने एकावरही. कारण विचारलं तर म्हणते, "दोन सारखे पडतात गं." मी कागदावर मांडून पाहिलं. चार चिंचोके पडण्याच्या तऱ्हा १६. त्यांत दोन येतात ६ वेळा, एक आणि तीन ४-४ वेळा, चल्लस आणि आठ जेमतेम एकेकदा. (कवडीची पाठ फुगीर, तिचा हिशोब इतका सरळ नसतो.)

आणखी एक गंमत. बाहेरची १६ घरं फिरून झाली तरी कुणाची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या ८ घरांत प्रवेश नाही. हा नियम करणाऱ्याला माणसं कळत होती. नाहीतर आमच्यासारखे भित्रे फुली-फुलीने कडेकडेने मधला मुकाम गाठते.

थोरला सारीपाट आमच्या घरी कुणी खेळलेलं नाही. तो राजेरजवाड्यांचा, फत्तेपूर शिक्रीत अकबराच्या महालाच्या अंगणात पचिशीचा, म्हणजे कवड्यांनी खेळायच्या सारीपाटाचा, पट दगडातच आहे. वेरूळला तर शिवपार्वतीच फासे खेळताना कोरलेत. तीच पचिशी इंग्रजांनी सोपी केली आणि १८९६ साली लुडो म्हणून पेटंट घेतलं. सोपी करताना कवड्या गेल्या, एक ठोकळा आला. ठोकळ्यावर एक ते सहा सगळे सारख्याच हक्काने पडतात.

भाच्याने आत्याला मोबाईलवर लुडो दिला. दोन-तीन डाव झाल्यावर ती म्हणाली, "यात कुठंही उभं राहा, सारखंच की!" तरी त्याची लाल सोंगटी मारली तेव्हा ओरडली मात्र पूर्वीइतकीच.