दुधीवरचं नख

रविवार, रात्री

मंडईत कुठल्याही गाळ्यासमोर घटकाभर उभं राहावं आणि चेहरे सोडून फक्त हात बघावेत. भेंडीचा शेंडा कटकन मोडला जातो, दुधीला नख लागतं, नारळ कानाशी जातो, कलिंगडावर टिचकी बसते. हे कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. आईचा हात धरून बाजारात जाताजाता उचललेलं असतं. घरचे या खोडींना हसतात. पण प्रत्येक खोडीच्या पोटात एक खरा प्रश्न आहे: माल कोवळा आहे का, भरलेला आहे का, पिकलेला आहे का. काही खोडी त्याचं उत्तर चोख देतात, काही चकवतात. आणि दोन खोडी अशा आहेत की वाटतात निरुपद्रवी, पण विकणाऱ्याच्या पोटावर येतात. म्हणून आज हे सविस्तर लिहून ठेवते आहे.

त्या दोनांतली पहिली भेंडीची. कोवळ्या भेंडीत पाणी भरपूर आणि धागे कमी, म्हणून शेंडा दाबला की कट्‌ असा आवाज होऊन तुटतो. भेंडी जून होत जाते तसे आत धागे तयार होतात, मग शेंडा मोडत नाही, नुसता वाकतो. इथपर्यंत परीक्षा बरोबर आहे. पण ती सकाळच्या मालाला लागू पडते. संध्याकाळपर्यंत उन्हात राहिलेली कोवळी भेंडीसुद्धा पाणी सुकल्यामुळे वाकते, आणि गिऱ्हाईक चांगला माल जून समजून परत टाकतं. पावशेरात मध्यम आकाराच्या वीस-पंचवीस भेंड्या बसतात. एकेक मोडून बघायची तर नाकारलेल्या, शेंडा तुटलेल्या भेंड्या ढिगात तशाच पडतात. तुटलेल्या जागी चिकट पाणी येतं, तासा-दोन तासांत ती जागा काळी पडते आणि मग त्या भेंडीला कुणी हात लावत नाही. त्यापेक्षा भेंडी न मोडता अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून मधोमध हलकेच दाबावी. आत बिया मण्यांसारख्या टणक लागल्या तर जून. बोटाखाली काहीच टोचलं नाही आणि अंगावर बारीक लव असली तर खुशाल घ्यावी. यात मालाला काही होत नाही आणि उत्तर जास्त खात्रीचं मिळतं.

दुसरी खोड दुधीवरच्या नखाची. कोवळ्या दुधीत नख सहज रुततं, जून दुधीची साल टणक झाल्यामुळे नुसता ओरखडा उठतो. खरं आहे. पण रुतलेलं नख म्हणजे जखम. तिथून पाणी पाझरतं, डाग पडतो, आणि सडायला सुरुवात तिथूनच होते. दिवसभरात दहा जणांनी नख लावलेला दुधी रात्री गाळ्यावरच राहतो. तो कोवळा होता हे दहाही जणांना कळलेलं असतं! नख न लावता सांगणाऱ्या तीन गोष्टी आहेत. साल फिकट हिरवी आणि तिच्यावर हाताला जाणवेल अशी मऊ लव. जून दुधी गुळगुळीत आणि चकचकीत होतो. देठ हिरवा, ओलसर. आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने वजन. हलका लागला तर आत पोकळी धरून बिया पक्क्या झालेल्या असतात.

मात्र दुधी कडू आहे का, हे यातलं काहीच सांगत नाही, नखही नाही. ते घरी आल्यावरच कळतं. चिरल्यावर एक छोटी फोड जिभेवर ठेवून बघायची आणि थुंकायची. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्यायचा, शिजवूनही खायचा नाही. तो कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि ती विषारी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांनी कडू दुधीचा रस अजिबात पिऊ नये असं स्पष्ट बजावलं आहे. सकाळी उठून दुधीचा रस काढणाऱ्यांनी ही चव घेण्याची सवय न चुकता लावून घ्यावी. काकडीचं टोक कापून चोळण्याची पद्धत याच कुळातल्या कडूपणासाठी आली. फेस दिसतो, पण चोळण्याने आतली कडू काकडी गोड होत नाही. देठाकडचा भाग जास्त कडू असतो, तो जरा मोठा कापून टाकण्याचा जो काही उपयोग होतो तेवढाच.

नारळाची खोड मला सगळ्यांत प्रिय, कारण ती कुणाला दुखावत नाही. कानाशी धरून हलवायचा. शहाळ्यात पाणी काठोकाठ असतं म्हणून ते वाजत नाही. नारळ पक्का होतो तसं खोबरं वाढतं, पाणी कमी होतं, आत हवेला जागा होते आणि डुचमळ ऐकू येते. सोललेला पक्का नारळ अजिबात वाजला नाही तर बहुतेक वेळा तो तडकलेला असतो आणि पाणी कधीच गेलेलं असतं. पण नुसत्या आवाजावर थांबू नये. खवट नारळातही पाणी वाजतं. शेंडी थोडी बाजूला करून डोळे बघावेत. तीनपैकी एक डोळा मऊ असतो, कोंब तिथूनच येतो, आणि बुरशीही तिथूनच शिरते. डोळ्याशी ओल, काळपटपणा किंवा पांढरी बुरशी दिसली तर तो ठेवून दुसरा उचलावा. शेंडी राखून सोललेला नारळ जास्त टिकतो तो याचमुळे, डोळे झाकलेले राहतात. पंधरा दिवसांची बेगमी करायची असेल तर शेंडी काढून घेऊ नये.

कलिंगडाच्या टिचकीबद्दल दोन शब्द. कच्चं कलिंगड टणटणीत वाजतं, पिकलेलं खोल, घुमल्यासारखं. फरक ओळखायला कान तयार लागतो आणि रस्त्याच्या गोंगाटात तयार कानही फसतो. त्यापेक्षा कलिंगड उलटं करून जमिनीला टेकलेला डाग बघावा: लोण्यासारखा पिवळा असेल तर वेलावर पुरतं पिकलेलं, पांढरा असेल तर लवकर तोडलेलं. आंबा आढीत पिकतो, कलिंगड तोडल्यावर गोड होत नाही, म्हणून इथे चुकलं की चुकलंच.

वांग्याला भोक नाही ना, हे तर सगळेच बघतात. पण फळ पोखरणारी अळी आत शिरते ती बारीक असताना, बहुधा देठाच्या टोपीखालून, आणि ते भोक दिसत नाही. दिसतं ते तिचं बाहेर पडायचं भोक. म्हणून टोपीच्या कडेशी भुस्सा आहे का ते बघावं आणि भरली वांगी करताना प्रत्येक वांगं चिरा देऊन उघडून बघावंच.

सोमवार, सकाळी

दुधाच्या क्रेटमधली वरची पिशवी सोडून खालून काढणारे लोक. एका क्रेटमध्ये तारीख बहुधा एकच असते, तेव्हा तारखेसाठी हा खटाटोप व्यर्थ. पण दुकानाबाहेर ठेवलेल्या क्रेटमध्ये वरच्या पिशव्या आधी तापतात आणि मधल्या गार राहतात, त्या अर्थी हात बरोबर जातो. फक्त खालच्या पिशवीची शिवण दाबून बघावी. गळकी असली तर तिथेच कळते.

काल पावशेर लिहिलं, त्यावरून आठवलं. शेर म्हणजे साधारण 933 ग्रॅम, त्याचा पाव 233 च्या आसपास. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, शेर गेला, पण पावशेर तोंडातून गेला नाही. आज पावशेर म्हणताच भाजीवाल्या मावशी 250 ग्रॅम तोलतात आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. ही खोड अशीच राहावी असं मला मनापासून वाटतं.

काट्याकडे टक लावून बघण्याची खोडही राहावी. माल ठेवण्याआधी इलेक्ट्रॉनिक काट्यावर शून्य आहे का, एवढंच बघायचं. रिकामं ताट किंवा टोपली ठेवून शून्य केलेलं असेल तर चालतं. टोपलीसकट वजन होत असेल तर "दादा, टोपली वजा करा" म्हणावं. या काट्यांची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते आणि त्याचा शिक्का असतो. बघण्यात संशय नाही, चांगला दुकानदार काटा स्वतःहून गिऱ्हाइकाकडे वळवतो.

आणि पहाटे गेलात तर भवानीच्या वेळी घासाघीस नको. पहिला पैसा कपाळाला लावून गल्ल्यात जातो, त्या वेळी भाव विचारून तसंच निघून जाणं विकणाऱ्याच्या मनाला लागतं. घ्यायचं नसेल तर विचारू नये. कढीपत्त्याची काडी वर मागायची ती पैसे देण्याआधी, आणि दहा रुपयांची मिरची घेऊन नव्हे.

पिशवी भरण्याचा क्रम शेवटी, कारण बाजारातली फेरी त्यानुसारच ठरते. आधी कांदे-बटाटे, मग दुधी-वांगी, गवार-भेंडी वेगळ्या कापडी पिशवीत, टोमॅटो परतीच्या वाटेवर. टोमॅटो आधी घेतले की ते पिशवीच्या तळाशी जातात आणि घरी त्यांचं सारच करावं लागतं. कोथिंबीर सगळ्यांत शेवटी, मुळं खाली, पानं पिशवीबाहेर.