लोकलचे मॅनर्स

चिरंजीवांचं कॉलेज वाशीला सुरू झालंय, आज माझंही तिकडे काम होतं म्हणून ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने सोबतच निघालो आणि म्हटलं चला, बापाचं भाषण उरकून घेऊ. पहिली गोष्ट, सॅक पुढे घे. मागे पाठीवर सॅक टाकून वळलास की कुणाच्या तरी तोंडावर बसते आणि तुला पत्तापण नसतो. दुसरं, दारात उभं राहायचं तर उतरणाऱ्याला वाट द्यायची, ऐरोली रबाळेला आयटीवाले लोंढ्याने उतरतात तिथे खांबासारखं अडून राहायचं नाही, खाली उतर आणि परत चढ, लाज कसली त्यात!! चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायची जागा, पाहिजे असेल तर "काका जरा सरकता का" असं नीट विचारायचं, ढोपर घुसवायचं नाही. आणि कुणी उतरणार असेल तर जागेचं बुकिंग आधीच करून ठेवणारे असतात, त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, ती सिस्टिम आपल्या जन्माच्या आधीची आहे 😄

तो निमूट ऐकत होता, म्हणजे एका कानात इअरफोन होता पण दुसरा माझ्यासाठी मोकळा ठेवला होता, हेही नसे थोडके. घणसोलीला एक गृहस्थ फुल आवाजात रील्स बघायला लागले. मी नुसता कपाळाला आठ्या घालून बघत होतो. हा पठ्ठ्या वाकून म्हणाला, "काका, इअरफोन देऊ का माझे?" त्यांनी हसून आवाज बंद केला.

हे मी शिकवलं नव्हतं बरं का. बहुतेक आईकडून आलंय.