मिनिटाला 25 पाने, पण कोणाची?

कार्यालयासाठी मल्टिफंक्शन प्रिंटर, म्हणजे छपाई, कॉपी आणि स्कॅन करणारे एकच यंत्र, घ्यायचे ठरले की ओळखीतले पतसंस्थांचे व्यवस्थापक, शाळांचे लेखनिक आणि वकील मंडळी मला हमखास एकच प्रश्न विचारतात: डेमोच्या वेळी नेमके काय तपासायचे? कोटेशनमधला वेगाचा आकडा सगळ्यांनीच वाचलेला असतो आणि तरीही मनात शंका असते. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिनिटाला 25 पाने हा आकडा खोटा नसतो. एका बाजूचा ए-फोर कागद, तापलेले यंत्र, मध्ये कसलाही अडथळा नाही, अशा स्थितीत तेवढी पाने खरोखरच मिळतात. प्रत्यक्ष कामाच्या जवळ जाणारे मोजमाप हवे असेल तर छपाईसाठी आयएसओ-आयईसी 24734 आणि कॉपीसाठी 24735 ही मानके आहेत. त्यांत पहिला संच बाहेर पडायला लागलेला वेळही मोजला जात असल्यामुळे विक्रेत्याकडे ते आकडे अवश्य मागावेत. मात्र तिथेही यंत्र एका वेळी एकच काम करत असते, आणि सकाळी अकरा वाजता यंत्राला एकच काम आहे असे कार्यालय मी तरी पाहिलेले नाही.

कॉपीचा वेग पुष्कळदा छपाईवर नव्हे, तर फीडरवर, म्हणजे मूळ कागदांचा गठ्ठा एकेक करून आत ओढणाऱ्या भागावर अडतो. साधा फीडर कागदाची एक बाजू वाचतो, कागद आतल्या आत उलटवतो आणि मग दुसरी वाचतो. दोन स्कॅनर असलेला फीडर दोन्ही बाजू एकाच फेरीत उरकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ए-फोर कागदाच्या दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारल्यापासून वकिलांच्या कार्यालयांत हा फरक चांगलाच जाणवतो. डेमोला विक्रेता नव्या रिममधले कोरे करकरीत कागद आणतो. तुम्ही मात्र आपल्याच फायलीतले घ्या, म्हणजे टाचणी काढलेले, कोपरा दुमडलेले, मध्येच एखादी पातळ पावती असलेले. त्यातली दोन पाने एकदम ओढली गेली आणि यंत्राने ते निमूटपणे गिळले, तर नंतर पान गहाळ झाल्याचे पक्षकाराच्याच लक्षात येते.

आता साधा हिशेब करू. दोन्ही बाजूंनी छापलेले 20 कागद, त्यांचे पाच संच, म्हणजे एकूण 200 बाजू. 25 च्या वेगाने आठ मिनिटे. चांगला फीडर हे मूळ कागद मिनिटाभरात वाचून मोकळा होतो. मग उरलेली सात मिनिटे काच रिकामी असताना दुसऱ्या माणसाने यंत्रापाशी ताटकळत उभे राहायचे का? काही यंत्रे पहिली छपाई चालू असतानाच पुढच्याचे कागद वाचून मेमरीत ठेवतात आणि तो माणूस आपल्या टेबलाशी परत जाऊ शकतो. काहींमध्ये मात्र पहिले काम संपेपर्यंत यंत्राचा पडदा अडून बसतो. माझ्या मते मिनिटाला पाच पाने जास्त देणाऱ्या यंत्रापेक्षा ही सोय अधिक मोलाची आहे, पण माहितीपत्रकात ती शोधावी लागते.

त्याच आठ मिनिटांत खिडकीशी एखादे आजोबा आधार कार्ड घेऊन उभे राहतात. म्हणून संच छापले जात असतानाच ‘इंटरप्ट’ हे चालू काम मध्येच थांबवणारे बटण दाबा, कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर घ्या आणि पाहा: यंत्र किती वेळाने थांबते, थांबलेले काम त्याच पानापासून पुढे सुरू होते का, आणि आजोबांची प्रत तिसऱ्या संचाच्या पोटात तर जात नाही ना.

यानंतर संगणकावरून छपाई पाठवा, आणि तीही एका पानाचे पत्र नव्हे, तर स्कॅन केलेल्या नकाशांची जाडजूड पीडीएफ. ती उलगडताना यंत्राच्या प्रोसेसरवर ताण येतो. पडद्यावर बोट ठेवल्यावर प्रतिसाद रेंगाळतो का, चालू कॉपी मंदावते का, हे तेव्हाच कळते. शिवाय दोन कामे समोरासमोर आली की आधी कोणाचे, हेही पाहावे. काही यंत्रांत कॉपीला किंवा छपाईला प्राधान्य देता येते, आल्या क्रमाने कामे घेता येतात किंवा दोघांची पाने आळीपाळीने काढता येतात. नागरिकांची वर्दळ असेल तर कॉपीला प्राधान्य द्यावे, आत बसून पत्रव्यवहार करणाऱ्या कार्यालयात क्रमच ठीक.

शेवटची परीक्षा मी मुद्दाम खोडसाळपणे घेतो. ट्रेमध्ये ए-फोर कागद असताना लेटर आकाराची फाइल पाठवायची आणि तिच्यामागे चारपाच साध्या फायली. लेटर हा अमेरिकेतला आकार, 216 बाय 279 मिलिमीटर. आपल्याकडे तो कागद बहुधा नसतो, पण उतरवून घेतलेले अर्ज आणि वर्डच्या फायली सर्रास त्याच मापात येतात. अशा वेळी काही यंत्रे ‘कागद भरा’ म्हणून थांबतात आणि मागची सगळी रांग अडवतात, तर काही ते काम बाजूला ठेवून पुढची काढतात. अनेक यंत्रांत लेटरऐवजी ए-फोर आपोआप वापरण्याचे सेटिंग असते. ते आणि प्राधान्याचे सेटिंग, दोन्ही यंत्र बसवायला आलेल्या माणसाकडून त्याच दिवशी करून घ्या, कारण अ‍ॅडमिनचा पासवर्ड नंतर कोणालाच सापडत नाही.